कोकणच्या रुळांवरची ती धडधड
डिझेल इंजिनांच्या तीन दशकांचा मागोवा

प्रतिनिधी

कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले. २० जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने एकेका गाडीचे डिझेल इंजिन निघाले आणि त्याच्या जागी विजेचे इंजिन आले. प्रवास स्वच्छ झाला, इंधनाचा खर्च घटला, बोगद्यांतला धूर गेला. या सुधारणेला हरकत घेण्याचे कारण नाही. तरीही रोह्यापासून मडगावपर्यंतच्या गावांत आणि मुंबई-ठाण्याच्या चाकरमानी कुटुंबांत 'गाडीचा तो आवाज आता येत नाही' असे हळहळून बोलले जाते. त्या आवाजामागे एका यंत्राचा मोठा इतिहास आहे.

वाफेचे इंजिन न पाहिलेला मार्ग

देशातील बहुतेक जुन्या रेल्वेमार्गांची आठवण वाफेच्या इंजिनापासून सुरू होते. बोरघाट, थळघाट, पुणे, मिरज या साऱ्या परिसरांत आजोबांच्या गोष्टींत कोळसा, पाण्याचा नळ आणि शिट्टी असते. कोकणाला ही आठवण नाही, कारण कोकणात रेल्वेच उशिरा आली.

अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेतला. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत त्याचा पाठपुरावा केला. रोह्यापर्यंत रूळ पोहोचले ते १९८६ मध्ये. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना प्रकल्पाला गती मिळाली आणि जुलै १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. १९९३ मध्ये उत्तरेकडे रोहा ते वीर आणि दक्षिणेकडे मंगळूर ते उडुपी हे पहिले टप्पे खुले झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावरून गाडी धावू लागली.

तोपर्यंत भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गांवरील वाफेचे युग संपलेले होते. त्यामुळे कोकणी माणसाने आपल्या गावात पाहिलेले पहिले इंजिन डिझेलचेच होते. पिढ्यान्‌पिढ्या एसटी आणि बोटीवर भिस्त ठेवणाऱ्या मुलखाला 'आपली रेल्वे आली' हे सर्वप्रथम सांगितले ते या इंजिनाच्या धडधडीने.

अमेरिकी आराखडा, वाराणसीची घडण

सुरुवातीच्या वर्षांत या मार्गावर प्रामुख्याने दिसणारी इंजिने 'अल्को' घराण्यातली होती. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील या कंपनीकडून भारताने १९६२ मध्ये २६०० अश्वशक्तीची इंजिने आणली. भारतीय रेल्वेने त्यांना डब्ल्यूडीएम-२ असे नाव दिले. यातील 'डब्ल्यू' म्हणजे रुंदमापी मार्ग, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे प्रवासी व मालगाडी अशा दोन्ही कामांसाठी उपयुक्त.

पाठोपाठ वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये त्यांची निर्मिती सुरू झाली. तेथे तयार झालेले पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पुढे १९९८ पर्यंत या वर्गाची अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली. मूळ अमेरिकी कंपनी मात्र १९६९ मध्येच बंद पडली. ज्या कंपनीचे दार बंद झाले, तिचा आराखडा भारताने पुढे अनेक दशके जिवंत ठेवला आणि सुधारतही नेला. ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए आणि ३३०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३डी ही त्याच घराण्यातील पुढची भावंडे होत. कोकणच्या प्रवाशांनी सर्वाधिक पाहिली ती हीच.

पूर्वी मुंबईच्या उपनगरी क्षेत्रात १५०० व्होल्ट डीसी प्रवाह होता आणि पनवेलच्या पुढे तारा नव्हत्या. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या अनेक गाड्यांना मुंबईपासूनच डिझेल इंजिन लागत असे. विजेच्या तारांखालून धूर सोडत निघणारी गाडी ही कोकणची, हे फलाटावरच्या माणसाला न विचारता कळे.

आवाज आणि धूर कशाचा?

डिझेल इंजिन चाके थेट फिरवते, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते एक फिरते वीजघर असते. अल्कोच्या पोटात 'व्ही' आकारात मांडलेले १६ सिलिंडर असतात. हे यंत्र जनित्र फिरवते, जनित्रातून वीज तयार होते आणि ती वीज चाकांच्या आसांना जोडलेल्या सहा मोटारी चालवते. चालकाच्या हातातील मुठीला आठ टप्पे असतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'नॉच' म्हणतात. इंजिन नुसते उभे असताना मिनिटाला सुमारे ४००, तर आठव्या नॉचवर सुमारे १००० फेरे घेते.

फेऱ्यांची गती इतकी कमी असल्यामुळे प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. उभ्या अल्कोची लय संथ आणि किंचित लंगडी वाटते. नॉच वाढला की ती घट्ट होत जाते आणि तिच्यात टर्बोचार्जरची शीळ मिसळते.

काळ्या धुराचे कारणही याच टर्बोचार्जरमध्ये आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर तो फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. चालकाने नॉच वाढवताच इंधन तत्काळ वाढते. टर्बोला वेग घ्यायला मात्र काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी आणि इंधन जास्त अशी स्थिती होते, इंधन पूर्ण जळत नाही आणि काळा लोट उठतो. स्थानकातून गाडी हलताना दिसणारा तो दिमाखदार धूर म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अर्धवट जळालेले इंधनच होते.

एकेरी मार्गाने दिलेली आठवण

कोकण रेल्वे प्रामुख्याने एकेरी मार्ग आहे. रोहा ते वीर हा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. बाकी बहुतांश ठिकाणी समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी स्थानकात थांबावे लागते. प्रवाशांच्या भाषेत याला 'क्रॉसिंगला लागणे' म्हणतात. रात्रीच्या कोकणकन्येने किंवा दिवसाच्या मांडवीने प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या आठवणीत असे एखादे स्थानक असते. बाहेर मिट्ट काळोख, पाऊस, रातकिडे आणि पुढे कुठेतरी चाललेली इंजिनाची संथ डगडग. गावातल्या लोकांना त्या आवाजावरून गाडी उभी आहे की सुटली, हे अंथरुणातून कळत असे.

या डगडगीलाही कारण होते. इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी बॅटरीवर भार पडतो आणि ते सुरू झाले नाही तर एकेरी मार्गावर सारी वाहतूक ठप्प होते. त्यापेक्षा ते चालू ठेवणे परवडे. अर्थात नुसते उभे असतानाही तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जळत असे. एकीकडे आठवण आणि दुसरीकडे हा हिशेब, अशा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बोगदे, घाट आणि रो-रो

कोकण रेल्वेच्या आखणीत चढ दीडशेस एक, म्हणजे दीडशे मीटरला एक मीटर, एवढाच सौम्य ठेवण्यात आला. गोव्यात कुळे ते कॅसलरॉक या दूधसागरच्या घाटात हेच प्रमाण सदतीसास एक आहे. तिथे गाडीला मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. कोकणात सह्याद्रीच्या सोंडा भेदून मार्ग सपाट ठेवल्याने तशी गरज पडली नाही. त्याची किंमत मात्र बोगद्यांच्या रूपाने द्यावी लागली.

रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. डिझेल गाडीला तो ओलांडायला चार-पाच मिनिटे लागत आणि तेवढ्यात खिडक्या ओढून घेण्याची डब्यात धांदल उडे. लांब बोगद्यांत धूर बाहेर काढण्यासाठी पंख्यांची व्यवस्था करावी लागली होती. प्रवाशाला हा गमतीचा भाग वाटे. इंजिनात बसलेल्या चालकाच्या आणि बोगद्यात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला मात्र उष्णता, काजळी आणि कान बधिर करणारा आवाज येई. स्मरणरंजनाच्या ओघात त्यांची बाजू विसरता कामा नये.

या मार्गावरील डिझेलचे आणखी एक ठळक चित्र म्हणजे 'रो-रो' गाडी. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा दरम्यान ही सेवा सुरू झाली. मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे आणि चालक-क्लीनरसह वाहून न्यायचे, ही कल्पना देशात नवी होती. दोन इंजिने जोडून चाललेली ट्रकांची रांग पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरून जाताना पाहणे हे छायाचित्रकारांचे आवडते दृश्य ठरले.

घराण्याची माघार

विजेच्या तारा येण्यापूर्वीच अल्कोंना स्पर्धक आला होता. जनरल मोटर्सच्या तंत्रज्ञानावर आधारलेली, ४००० अश्वशक्तीची डब्ल्यूडीजी-४ इंजिने १९९९ पासून भारतात आली. त्यांची प्रवासी गाड्यांसाठीची आवृत्ती डब्ल्यूडीपी-४ ही होय. त्यांचे यंत्र द्विआघाती, नियंत्रण संगणकीकृत आणि इंधनाचा वापर किफायतशीर होता. त्यांचा आवाज सलग आणि घोगरा. अल्कोसारखा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत नाही.

नंतर देशभर विद्युतीकरणाने वेग घेतला. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाची पायाभरणी २०१५ मध्ये झाली आणि १२८७ कोटी रुपये खर्चून ते पुरे झाले. इंधनावरील खर्चात वर्षाला सुमारे १५० कोटी रुपयांची बचत अपेक्षित असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. २७ जून २०२३ रोजी मुंबई-मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली, ती या तारांमुळेच. आयात तेलावरचे अवलंबन आणि हवेचे प्रदूषण पाहता हा निर्णय योग्य होता, याबद्दल दुमत नसावे.

डिझेल इंजिनाचे आयुष्य साधारण ३६ वर्षांचे मानले जाते. त्यामुळे अनेक इंजिने आयुष्य शिल्लक असतानाच निकामी ठरली. त्यांच्यासाठी वेगवेगळे मार्ग शोधण्यात आले. वाराणसीच्या कारखान्यात दोन डिझेल इंजिनांचे रूपांतर करून दहा हजार अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन तयार झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते रवाना करण्यात आले. जुलै २०२० मध्ये डब्ल्यूडीएम-३डी वर्गाची दहा आणि मे २०२३ मध्ये आणखी वीस डिझेल इंजिने बांगलादेशला देण्यात आली. उरलेल्यांपैकी बरीच भंगारात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये वाराणसीच्या कारखान्याच्या नावातूनही 'डिझेल' हा शब्द गेला. आता तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे.

जपायचे ते काय?

वाफेच्या इंजिनांबाबत आपल्याला उशिरा जाग आली, पण ती आली. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली. हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली गेली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डेलावेअर-लॅकावाना ही स्क्रँटनची छोटी मालवाहू रेल्वे जुन्या अल्को इंजिनांसाठीच रेल्वेप्रेमींत प्रसिद्ध आहे. तिथे ही इंजिने शोभेची वस्तू म्हणून उभी नसून मालगाड्या ओढतात.

आपल्याकडे जुने इंजिन जपणे म्हणजे बहुधा ते रंगवून स्थानकाबाहेर चौथऱ्यावर ठेवणे असते. वाफेच्या इंजिनाची भव्यता तशीही दिसते. डिझेल इंजिन मात्र बंद असताना एक लांबट लोखंडी पेटी वाटते. त्याची ओळख त्याच्या आवाजात आहे आणि आवाज जपायचा तर यंत्र चालते ठेवावे लागते. त्यासाठी सुटे भाग लागतात. त्याहून अधिक गरज आहे ती हे यंत्र हाताळलेल्या माणसांची. नुसत्या ठोक्यावरून कोणता सिलिंडर रुसला आहे हे ओळखणारे फिटर आणि पावसाने ओल्या रुळांवर चाक न घसरू देता नॉच वाढवणारे चालक आज सेवेत आहेत, पण एकेक करून निवृत्त होत आहेत. इंजिन दहा वर्षे शेडमध्ये उभे राहू शकते, हाताचे कसब तेवढे थांबत नाही.

त्यामुळे निर्णय घ्यायचा तर तो याच दशकात घ्यावा लागेल. रत्नागिरी किंवा मडगावसारख्या ठिकाणी एखादे अल्को इंजिन चालत्या स्थितीत राखून वर्षातून काही दिवस पर्यटक गाडीला जोडणे अशक्य नाही. पन्नास वर्षांनी कोकण रेल्वेचा इतिहास सांगताना पूल आणि बोगदे जागेवर असतीलच. ते ज्या गाड्यांसाठी बांधले गेले, त्यांचा आवाज मात्र कुणीतरी जाणीवपूर्वक राखला तरच ऐकू येईल.

दृष्टिक्षेपात

- कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना : १९९०
- पहिले टप्पे खुले : १९९३
- संपूर्ण मार्ग सुरू : २६ जानेवारी १९९८
- रो-रो सेवा : २६ जानेवारी १९९९, कोलाड ते वेर्णा
- विद्युतीकरण पूर्ण : मार्च २०२२, लोकार्पण २० जून २०२२
- डब्ल्यूडीएम-२ : २६०० अश्वशक्ती, १६ सिलिंडर, कमाल वेग ताशी १२० किलोमीटर
- डब्ल्यूडीएम-३ए : ३१०० अश्वशक्ती
- डब्ल्यूडीएम-३डी : ३३०० अश्वशक्ती