व्यावहारिक व तांत्रिक मराठी लेखन : महाजालावरील शिक्षणसाधने

वाचणाऱ्याच्या हातून एखादे काम नीट व्हावे म्हणून केलेले लेखन ते व्यावहारिक व तांत्रिक लेखन. अर्ज, सूचना, अहवाल, माहितीपत्रक, कार्यालयीन टिपणी, कृतीच्या पायऱ्या सांगणारे पत्रक हे सगळे त्यात येते. असे लेखन मराठीतून शिकवताना महाजालावर विनामूल्य काय मिळते, याची ही नोंद आहे. उदाहरणे दापोली तालुक्यातील आंजर्ले (जि. रत्नागिरी) येथील घेतली आहेत.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात. कासवमित्र म्हणवणारे स्वयंसेवक ती काढून कुंपणातल्या सुरक्षित जागी, मूळ खड्ड्याइतक्याच खोलीवर पुरतात. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. अंडी घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि मग अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावू शकतो. नव्या स्वयंसेवकासाठी पत्रक लिहायचे झाले तर ‘अंडी काळजीपूर्वक हाताळावीत’ हे वाक्य शुद्ध असूनही निरुपयोगी आहे. ‘अंड्याची वरची बाजू वरच ठेवून उचला’ हे उपयोगी. शिवाय ही सूचना अंडी टोपलीत भरण्याच्या पायरीआधी यायला हवी, कारण माणूस वाचता वाचता हात चालवतो. तांत्रिक लेखनाचा सगळा अभ्यास या दोन वाक्यांतल्या फरकाचा आहे. खाली नोंदवलेल्या साधनांची उपयुक्तताही याच कसोटीवर तपासली आहे.

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे बालभारतीची अकरावी (२०१९) व बारावीची (२०२०) मराठी ‘युवकभारती’ पाठ्यपुस्तके. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांतील ‘उपयोजित मराठी’ या भागात अकरावीला सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद व अनुदिनी लेखन हे घटक आहेत, तर बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल व वृत्तलेख. माहितीपत्रकाचा पाठ आंजर्ल्यात शिकवायचा तर दूरची कल्पित संस्था कशाला हवी? गावातल्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळात किंवा कासवांची पिल्ले पाहण्याच्या कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्याला पोचायचे कसे, पिल्ले कोणत्या वेळी सोडतात, किनाऱ्यावर काय करू नये, एवढे एका पानात मांडायला लावावे. लिहून झाले की ते गावाबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्यावे. त्याला जे प्रश्न पडतील तीच खरी तपासणी.

शब्दांच्या बाबतीत मराठी संपन्न आहे. ६ जुलै १९६० रोजी स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश (१९६२), शासन व्यवहार कोश (१९७३) आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. राज्य शासनाच्या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात. अनेक पिढ्यांच्या विद्वानांनी केलेले हे काम घरबसल्या मिळते, ही मोठी सोय आहे. मात्र कोश शब्द देतो, वाक्य देत नाही. कोशातला अवघड संस्कृत प्रतिशब्द आणि किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडचा शब्द यांपैकी कोणता घ्यायचा, हे पत्रक कोण वाचणार यावर ठरते. तो निर्णय विद्यार्थ्याकडून करवून घेणे हे शिक्षकाचे काम.

लेखननियमांसाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम (१९६२ साली चौदा, १९७२ साली आणखी चार) प्रमाण मानले जातात. देवनागरी लिपी व वर्णमालेविषयीचा ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आणि १० नोव्हेंबर २०२२ चा सुधारित निर्णयही पाहावा.

शासन निर्णयांचे संकेतस्थळ हा कार्यालयीन मराठीचा मोठा खुला नमुनासंग्रह. विषय, विभाग, क्रमांक, दिनांक, संदर्भ, प्रस्तावना, प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी प्रती कोणाला, हा साचा तिथे स्वच्छ दिसतो. पण त्यांतली वाक्ये पुष्कळदा अर्धे पान चालतात आणि ‘करण्यात यावी’ या कर्मणी रचनेत काम नेमके कोणी करायचे ते हरवते. म्हणून नमुना साच्यापुरता घ्यावा आणि वाक्ये विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घ्यावीत. एका निर्णयातील एकच परिच्छेद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याजोगा करून आणा, हा उत्तम गृहपाठ होय. जुन्या कागदपत्रांतील मजकूर युनिकोडपूर्व टंकात असेल, तर नक्कल करताना अक्षरे विस्कटतात; तो टंक-रूपांतरकातून बदलून घ्यावा किंवा हाताने टंकावा लागतो.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया लिहिण्याच्या सरावासाठी चांगला. तिथे विधानाला आधार मागतात आणि दुसरा माणूस आपले वाक्य दुरुस्त करतो.

लेखन पद्धतशीर शिकवणारे साधन पाहायचे तर इंग्रजीत अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळा १९९० च्या दशकापासून महाजालावर आहे. पत्र, वृत्तान्त, सूचनापुस्तिका यांचे नुसते नमुने देऊन ती थांबत नाही. वाचक कोण, त्याला काय हवे, म्हणून मांडणी अशी का, हेही समजावते. भारतात एनपीटीईएल व स्वयम् या महाजालावरील शिक्षणमंचांवर लेखनकौशल्याचे अभ्यासक्रम आहेत, तेही मुख्यतः इंग्रजी लेखनाचे. आंजर्ल्याजवळच दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. कृषी विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तांत्रिक लेखन व संवादकौशल्य हा विषय असतो, पण त्याचा रोख प्रबंध आणि शोधनिबंध यांवर. आंब्यावर फवारणी कधी व किती करावी हे बागायतदाराला सांगणाऱ्या मराठी घडीपत्रिकेची वाक्यरचना कशी असावी, हे पायरीपायरीने शिकवणारे, नमुन्याशेजारी कारण देणारे खुले साधन मराठीला तातडीने हवे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे कोश, नियम, नमुने आणि बारावीची ती चार प्रकरणे, आजच उपलब्ध आहे.