नाटकाचा दिवस

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट, नाटक मंडळ्या आणि त्यांचे आश्रयदाते यांची साक्षेपाने नोंद झालेली आहे. प्रेक्षक मात्र ‘अलोट गर्दी’ या दोन शब्दांत उरकला जातो. ही गर्दी कोठून येई, घरून केव्हा निघे, जेवण आधी की मागाहून, आणि नाटक सुटल्यावर परत कशी जाई, हे प्रश्न किरकोळ मानून बाजूला ठेवले जातात. आमच्या मते ते किरकोळ नाहीत. नाटकाला जायचे म्हणजे तिकिटाच्या पैशांबरोबर वेळही मोजावा लागतो. कधी एक अख्खी रात्र, कधी एक अख्खा दिवस. तो वेळ कोणाच्या हाती होता आणि कोणाच्या नव्हता हे पाहू लागले, की नाटकाची लांबी, त्याची वेळ आणि त्याचा प्रेक्षक या तिन्हींचा उलगडा होऊ लागतो. मुंबई शहरापुरता हा विचार येथे करून पाहू.

मुंबईतले जुने इंग्रजी नाट्यगृह कोटात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी असलेल्या मोकळ्या मैदानावर, १७७६ मध्ये उभे राहिले. १८३५ मध्ये ते कर्जापायी विकले गेले. पुढे नवे नाट्यगृह उभारायचे ठरले तेव्हा जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी ग्रँट रोडवरची आपली जमीन दिली आणि १८४६ मध्ये ते सुरू झाले. ज्या साहेब लोकांसाठी हा खटाटोप झाला त्यांना ही जागा फार दूर वाटली. कोटातून घोडागाडीने तिथवर जायचे आणि रात्री त्याच वाटेने परतायचे, हा त्यांच्या दृष्टीने त्रास होता. त्यांची पावले मंदावली. आणि ज्यांना ते नाट्यगृह जवळ होते ते आत आले. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, ठाकुरद्वार ही वस्ती तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होती. मराठी, पारशी आणि गुजराती नाटकांना ग्रँट रोडने थारा दिला यामागे कलेच्या कारणांबरोबर पायी चालण्याचे हे साधे कारणही आहे. अंतराने एक प्रेक्षकवर्ग घालवला आणि दुसरा आणला.

विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि त्यांचे खेळ ग्रँट रोडच्या नाट्यगृहातही झाले. दहा वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा प्रेक्षक हा निमंत्रित पाहुणा होता. बोलावणे आले की जायचे, राजाज्ञेने खेळ सुरू व्हायचा. मुंबईत तिकीट आले. तिकिटावर वार, वेळ आणि जागा ठरलेली असते. म्हणजे प्रेक्षकाला आता आपला वेळ आपणच आखणे भाग पडले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. घड्याळाप्रमाणे निघणारी गाडी आणि घड्याळाप्रमाणे उघडणारा पडदा या दोन्ही सवयी मुंबईकराला एकाच काळात लागाव्यात, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

अर्थात पडदा वेळेवर उघडला तरी तो वेळेवर पडेल याची शाश्वती नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, त्यामागोमाग १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले, आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. रात्रीची जेवणे आटोपून नाटकाला बसायचे, ‘वन्समोअर’ घेत घेत पदे ऐकायची आणि पहाटेच्या सुमारास उठायचे, असा हा परिपाठ. या दीर्घतेची मीमांसा करताना संगीताच्या आवडीकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आमचा तर्क असा, की या दीर्घतेत सोयही होती. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ मध्ये आली आणि विजेची १९०७ मध्ये. तथापि मध्यरात्री नाटक सुटले असते तर परळच्या किंवा ठाण्याच्या माणसाने जायचे कोठे? उजाडेपर्यंत चालणारे नाटक त्याला थेट पहाटेच्या वाहनाशी आणून सोडी. लांबलेल्या खेळाने प्रेक्षकाची रात्रीच्या निवाऱ्याची अडचण परस्पर सोडवली होती.

मात्र रात्र जागवणाऱ्याला दुसरा दिवस झोपेसाठी लागतो. तो ज्याच्या मालकीचा त्यालाच असे नाटक परवडते. सरदार, सावकार, वकील यांचे ठीक होते. कारकुनाला कचेरी चुकत नसे आणि गिरणी कामगाराला भोंगा. या संदर्भात रंगभूमीच्या इतिहासात सहसा न येणारे एक नाव घ्यावयास हवे, ते म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे यांचे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांना रविवारची साप्ताहिक सुटी मान्य करावी लागली. ही सुटी विश्रांतीसाठी आणि समाजकार्यासाठी मागितलेली होती, नाटकासाठी नव्हे. पण सुटी मिळाल्याखेरीज शनिवारची रात्र मोकळी होत नाही आणि रविवारची दुपारही. मराठी नाटकाचा रविवार हा कोणा नाटककाराने नव्हे तर कामगार चळवळीने मिळवून दिला आहे, एवढे तरी ऋण मान्य व्हावे.

स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड होता. नाट्यगृहात त्यांची बसण्याची व्यवस्था वेगळी असे, म्हणजे त्यांचे येणे गृहीत धरलेले होते. पण ते सुकर नव्हते. घरातल्या सर्वांची जेवणे उरकायची, मागचे आवरायचे, लहान मूल बरोबर घ्यायचे किंवा कोणाच्या तरी स्वाधीन करायचे, सोबत मिळवायची आणि पहाटे परतल्यावर न झोपता चूल पेटवायची. पुरुषाला नाटकानंतर झोप होती, बाईला सकाळ होती. बालगंधर्वांच्या नेसण्याचे आणि दागिन्यांचे अनुकरण घरोघरी झाले असे आपण कौतुकाने सांगतो. त्या अनुकरणापाठीमागे किती गृहिणींचे असे हिशेब झाले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

बालगंधर्वांच्या काळातच नाटकासाठी दिवस राखून ठेवण्याचा कळस झाला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग मुंबईत केला. तो दिवस शुक्रवारचा होता आणि ऐन पावसाळा होता. तरीही मुंबईबाहेरून रसिक मुक्कामाच्या तयारीने आले, असे त्या प्रयोगाच्या आठवणींत सांगितले जाते. अवघ्या तीन महिन्यांनी, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव निवर्तले. त्या रात्रीसाठी ज्यांनी कामधंदा सोडला त्यांचा हिशेब चुकला नाही.

पुढे दहा-बारा वर्षांत चित्र पालटले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. बोलपट दिवसातून अनेकदा लागे, ठरल्या वेळी सुरू होई आणि ठरल्या वेळी संपे. त्याला वन्समोअर नव्हता. दुसरीकडे १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. उपनगरात राहून शहरात यावे आणि रात्री परत जावे, हे शक्य झाले. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले तेव्हा आटोपशीर रचना, मोजकी पदे आणि स्त्रीभूमिकेत स्त्रिया या त्याच्या विशेषांचा संबंध समीक्षकांनी इब्सेन-ब्यर्नसन यांच्या वास्तववादाशी जोडला. तो यथार्थ आहे. पण आटोपशीर नाटकाला एक गरज पार्श्वभूमीला होती: ज्याला शेवटची लोकल पकडायची आहे त्याच्यासाठी नाटक पहाटे नव्हे, रात्रीच संपले पाहिजे. पाच अंकांचे तीन आणि तिनाचे दोन होण्यात युरोपीय नाट्यशास्त्राचा वाटा किती आणि रेल्वेच्या वेळापत्रकाचा किती, हे एकदा नीट तपासून पाहण्यासारखे आहे.

मराठी वस्ती उत्तरेकडे सरकली तशी नाट्यगृहेही सरकली. गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आणि प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिर १९६४ मधले. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मधले. त्याच १९६४ च्या मार्चअखेर मुंबईची ट्राम बंद झाली. पायी आणि ट्रामने येणाऱ्या प्रेक्षकाची जागा लोकलने येणाऱ्या प्रेक्षकाने घेतली, आणि मध्य व पश्चिम हे दोन्ही मार्ग जेथे भेटतात ते दादर नाटकाची पेठ बनले. सकाळ, दुपार आणि रात्र असे रविवारचे तीन प्रयोग रुळले. नाटकाची रात्र संपली आणि नाटकाचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाला.

या दिवसाची आखणी आठवडाभर आधी होई. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती चाळायच्या, मग प्लॅन उघडला की खिडकीशी जायचे. मराठी नाट्यव्यवसायात ‘प्लॅन’ म्हणजे खुर्च्यांचा तक्ता; त्यावर बोट ठेवून आपली ओळ निवडायची. या एका तक्त्याभोवती बाकीचा दिवस रचला जाई. डोंबिवलीहून किंवा पार्ल्याहून आलेले कुटुंब नाटकाच्या आधी रानडे रोडवर खरेदी करी, मध्यंतरात बटाटावडा खाई, आणि कोणी आप्त दादर-माहीमला असतील तर त्यांच्याकडे डोकावून परते. त्याच दादरमध्ये १९७४ पासून छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटके होऊ लागली. व्यावसायिक आणि प्रायोगिक अशा दोन रंगभूमी आपण ग्रंथांतून वेगळ्या करतो. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरे पाहणाऱ्याला त्यांच्यामध्ये काही मिनिटांची वाट होती. आणि दुपारच्या प्रयोगाने बायकांचा जुना हिशेबही सोडवला. उजेडात निघून दिवेलागणीला घरी पोहोचता येऊ लागले, तेव्हा सोबतीची अट सैल झाली.

परळ-लालबागचा प्रेक्षक मात्र या सुखवस्तू रविवारात पुरता सामावला नव्हता. त्याला परळचे दामोदर नाट्यगृह होते, कामगार रंगभूमी होती, गावाहून येणारे दशावतारी होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. पगाराचा दिवस गेला तसा हक्काचा रविवारही गेला. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी हाती असूनही तिला अर्थ उरला नाही, कारण सुटीला अर्थ येतो तो कामामुळे.

आज नाट्यगृहे उपनगरांत आणि त्यांच्याही पलीकडे पोहोचली आहेत. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ मधले; त्यानंतर कल्याण, डोंबिवली, बोरिवली, वाशी येथेही सोय झाली. तिकीट घरबसल्या निघते. हे सर्व स्वागतार्ह आहे. म्हाताऱ्या माणसाला जिना आणि लोकलची गर्दी चुकली, यात हळहळण्यासारखे काही नाही. परंतु नाटक जवळ आले तसा नाटकाचा दिवस आखडला. तिसऱ्या घंटेला आत शिरायचे आणि पडदा पडताच वाहन काढायला धावायचे. मार्च २०२० पासून २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंतच्या काळात, मधले काही महिने सोडले तर, नाट्यगृहे बंदच होती, तेव्हा ध्वनिचित्रमुद्रित नाटके घरी पाहता आली. ती पाहून झाल्यावर काय उणे आहे हे अनेकांना नेमके सांगता येत नव्हते. आमच्या मते उणी होती ती जाण्या-येण्याची वाट.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एखादा तरी दिवस नाटकाभोवती आखावा. मुंबईत तो गिरगावातून सुरू करावा. १९११ मध्ये उद्घाटन झालेले, १९९३ मध्ये बंद पडलेले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेले रॉयल ऑपेरा हाउस बाहेरून का होईना पाहावे. तेथून ग्रँट रोडकडे चालत जावे, म्हणजे साहेबाला दूर वाटलेले अंतर पायांना कळेल. मग खोताच्या वाडीतून केळेवाडीकडे वळावे, गिरगावात जेवावे आणि दुपारच्या प्रयोगाला दादर गाठावे. लोकल आहेच, ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव आणि दादर भुयारी मेट्रोच्या एकाच मार्गावर आले आहेत.

मात्र आखणी करताना सुरुवात शेवटाकडून करावी. आधी नाटकानंतरचा एक तास राखून ठेवावा आणि मग बाकीच्या वेळा बसवाव्यात. संगीत नाटक पाहून पहाटे परतणाऱ्यांना घरापर्यंतची वाट होती. शिवाजी मंदिरातून सुटलेल्यांना स्थानकापर्यंतचा रस्ता आणि कल्याणपर्यंतची गाडी होती. पद कोणते रंगले, दुसरा अंक का ढिला पडला, नायिकेने गेले ते बरे केले की वाईट, याचे वाद तिथे झाले. मराठी नाट्यसमीक्षा छापून येण्याआधी अशा वाटांवर बोलली गेली आहे. तेवढा वेळ दिवसातून कापला, तर नाटक पाहून होते, पण त्यावर बोलायचे राहून जाते.