रिओहाची मुरलेली मदिरा

लोणचें मुरतें, मुरांबा मुरतो, हें आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु मुरण्यास जो काळ लागतो त्याचें मोल कोणीं द्यावें, हा प्रश्न घरच्या बरणीपुरता उद्भवत नाहीं. बाजारांत मात्र तो उद्भवतो. स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या कांठीं रिओहा नांवाचा प्रांत आहे. त्याच्या तांबड्या द्राक्षमदिरेचा इतिहास बहुतांशीं ह्याच प्रश्नाचा इतिहास होय.

अठराव्या शतकांत तेथील मदिरा बहुधा वर्षाच्या आंत पिऊन संपवावी लागे. उन्हाळा लागला कीं ती आंबे. लाबास्तीदा गांवच्या मान्वेल किंतानो नामक धर्मोपदेशकानें १७८० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील बोर्दोची रीत उचलली. मदिरा ओकच्या पिंपांत ठेवावयाची आणि गाळ मागें सोडून ती पुनःपुन्हां दुसऱ्या पिंपांत काढावयाची, ही ती रीत. त्याची मदिरा टिकली. परंतु गांवांत सर्व मदिरेस एकच भाव असा निर्बंध होता, आणि पिंपांचा व श्रमांचा खर्च सोसणाऱ्यास अधिक भाव घेऊं देण्यास शेजारी तयार होईनात. त्यांना केवळ मत्सरी म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पिंपें विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, व एकाचा माल चढला तर आपला उतरेल हें भयहि अगदींच खोटें नव्हतें. तथापि त्यापायीं ती विद्या अर्धशतकाहून अधिक काळ खोळंबली.

ती पुनः आली ती सधनांच्या हातीं. स्पेनचा सेनापति एस्पार्तेरो ह्याच्यासह लंडनमध्यें परागंदा होऊन राहिलेल्या लुसियानो मुरिएतानें १८५२ मध्यें लोग्रोन्यो येथें बोर्दोच्या पद्धतीची मदिरा केली. १८६२ मध्यें आलाव्हाच्या प्रांतिक सरकारनें झ्यां पिनो ह्या फ्रेंच जाणत्यास शेतकऱ्यांना शिकविण्यासाठीं नेमलें. पण खर्च पाहून लहान शेतकऱ्यांनीं पाठ फिरविली, आणि शेवटीं मार्केस दे रिस्काल ह्या उमरावानें त्यास आपल्या पदरीं ठेविलें. गरिबाला थांबणें परवडत नाहीं, दुसरें काय!

अशा मदिरेची चव कशी असते? कांहीं वर्षांपूर्वीं परदेशांतील एका स्नेह्यांकडे १९६४ सालची बाटली उघडली गेली. रिओहांत त्या सालचें पीक फार नांवाजलेलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकास साधनाची परीक्षा जिभेनें करण्याची संधि क्वचितच मिळते, म्हणून आम्हीं ती दवडली नाहीं. गाळ तळाशीं बसावा म्हणून यजमानांनीं बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेविली होती. बूच निघतांना भुगा झालें. रंग जांभळा नव्हे, जुन्या विटेसारखा, कडेस पिवळट. ताज्या फळाचा गंध जवळजवळ लोपलेला. त्याऐवजीं सुकें अंजीर, जुनें चामडें, तंबाखूची पेटी, आणि मागें व्हॅनिलाची पुसट छटा, ती अमेरिकन ओकच्या पिंपाची. तुरटपणा निवळून मऊ झालेला, आंबटपणा मात्र ताठ उभा. त्याच्याच आधारानें ती इतकीं वर्षें तगली. अर्ध्या तासांत तो गंध विरूं लागला, व पेला संपेपर्यंत निम्माशिम्माच उरला.

ह्या प्रांताचें भाग्य उघडलें तें मात्र दुसऱ्याच्या आपत्तीनें. १८६० नंतर फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्समधील वेलींचीं मुळें पोखरलीं, आणि माल शोधीत बोर्दोचे व्यापारी येथें आले. आरो गांवीं आगगाडीच्या स्थानकाभोंवतीं मोठमोठीं तळघरें उभीं राहिलीं. १८९२ मध्यें फ्रान्सनें जकात वाढविली. थोड्याच वर्षांत, १८९९ च्या सुमारास, कीड रिओहांतहि शिरली, आणि अमेरिकन मुळांवर कलमें बांधून मळे नव्यानें लावावे लागले. व्यापारी परतले, २२५ लिटरचीं पिंपें आणि त्यांत मदिरा मुरविण्याची संवय मागें राहिली. १९२५ मध्यें प्रांताच्या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें. आजचा नियम भाव ठरवीत नाहीं, मुदत ठरवितो: सर्वांत वरच्या प्रतीची तांबडी मदिरा निदान पांच वर्षें मुरलेली हवी, आणि त्यांतलीं दोन तरी पिंपांत गेलेलीं हवींत. आरोच्या स्थानकाजवळचीं कांहीं तळघरें अजून चालू आहेत.