जुनी ॲल्युमिनियमची होडी घरी दुरुस्त करताय? आधी वजनाचा हिशेब, मग रंग

कोरेगाव भीमा (ता. शिरूर) : भीमा नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले तसं आपल्या भागात वर्षातले बरेच महिने नदीला पाणी राहतं. पुढं रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा येऊन मिळते आणि दौंडच्या खाली खानोटा, राजेगावकडं उजनीचा फुगवटा सुरू होतो. या सगळ्या पट्ट्यात मासेमारी चालते. लाकडी होडी, पत्र्याची होडी, फायबरची होडी आणि नुसती ट्रकची ट्यूबसुद्धा पाण्यात दिसते. अधूनमधून कुणाला भंगारात किंवा लिलावात जुनी ॲल्युमिनियमची होडी मिळते. हलकी असते, गंजून लाल होत नाही, दोन-तीन माणसं उचलून पिकअपमध्ये टाकतात. म्हणून ती घरी दुरुस्त करून वापरायची इच्छा होते.

काम घरी करण्यासारखं आहे. पण लोक सुरुवात रंगापासून करतात, तिथं चुकतं. गळकी होडी हळूहळू भरते, माणूस ते पाणी उपसत काठाला येतो. जादा वजन, एका बाजूला झालेला भार आणि अचानक आलेला वारा मात्र होडी काही क्षणांत बुडवतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात बुडाली. सात जणांपैकी सहा जणांचा जीव गेला, एकच जण पोहून काठाला लागला. हे पाणी आपल्याच भीमेचं आहे. म्हणून खालची माहिती त्याच क्रमानं दिली आहे : आधी तपासणी, मग गळती, मग वजन आणि तरंगणं, आणि रंग सगळ्यात शेवटी.

घेण्याआधी काय बघायचं

खिशात एक लोहचुंबक न्या. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. होडीवर जिथं चिकटेल तिथं आधीच्या मालकानं लोखंडी बोल्ट, पट्टी किंवा स्क्रू मारलेला आहे असं समजा. तिथंच पत्रा खाल्लेला सापडतो.

पांढरी पावडर दिसली तर ती खरवडून बघा. खाली नुसता डाग असेल तर काळजी नाही. खड्डा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा. टोक आत गेलं तर तेवढा पत्रा बदलावा लागेल. खड्डे सगळ्या तळभर असतील तर ती होडी घेऊ नका, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो.

भंगारवाल्याच्या काट्यावर होडीचं वजन करून घ्या. आकाराच्या मानानं वजन जास्त वाटलं तर बाकांखालचा फोम पाणी प्यायला आहे. असा फोम वर ओढून धरण्याऐवजी होडीला खालीच ओढतो. तो काढून टाकावाच लागतो.

मागची फळी, जिथं इंजिन बसतं, ती दोन्ही हातांनी हलवून बघा. पत्रा चांगला असतो, पण आतलं प्लायवूड कुजलेलं असतं.

ॲल्युमिनियम कशानं खराब होतं

आपल्याकडं जर्मलच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू देत नाहीत. कारण आंबट लागलं की भांड्याला बारीक खड्डे पडतात. होडीचंही तेच आहे. या धातूवर हवेनं आपोआप एक पातळ थर तयार होतो आणि तोच त्याला राखतो. आम्ल किंवा खार तो थर खातो. म्हणून होडी धुवायला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम विरघळवतो. साधी भांड्याची साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरेसं आहे. लोखंड घासलेला तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात.

दुसरी गोष्ट, वेगळा धातू. ॲल्युमिनियमला तांबं, पितळ किंवा लोखंड चिकटून असलं आणि मधे पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पाणी जितकं दूषित, क्षारांचं, तितकं हे लवकर होतं. आपल्या नदीच्या पाण्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बोल्ट ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि स्टेनलेसच्या खाली नायलॉनचा वॉशर टाका. पितळी स्क्रू नको. होडीत पडलेलं नाणं किंवा तांब्याच्या वायरचा तुकडाही उचलून टाका.

तिसरी गोष्ट, ओलावा धरून ठेवणारा कचरा. जलपर्णी, गाळ आणि ओली गोणपाटं तळाला चिकटून राहिली की त्याखाली खड्डे पडतात. होडी काठावर उपडी ठेवायची, खाली लाकडी ओंडके घालून, हवा खेळती राहील अशी. ओल्या सिमेंटवर, खताच्या गोदामात किंवा कोंबडीखताच्या ढिगाजवळ ठेवू नका.

गळती शोधणं आणि बंद करणं

होडी चार-पाच ठिकाणी लाकडावर नीट टेकवा आणि आत पाणी सोडा, पण दहा सेंटीमीटरच्या वर नाही. चौदा फुटी होडीत एवढंच पाणी साधारण ४०० किलो भरतं. आधार कमी असेल तर तळ वाकतो. बाहेरून जिथं थेंब येईल तिथं खडूनं खूण करा. रात्रभर ठेवा, काही गळत्या उशिरा दिसतात.

सैल रिव्हेट : दोन माणसांचं काम आहे. एकानं बाहेरून डोक्यावर जड लोखंड धरायचं, दुसऱ्यानं आतून हातोडीनं हळू ठोकायचं. बहुतेक रिव्हेट अशाच घट्ट होतात.

तुटलेली रिव्हेट : बाजारातली साधी पॉप रिव्हेट चालत नाही. तिच्या मधे भोक राहतं आणि आतली खीळ लोखंडी असली तर गंजते. बंद तोंडाची ॲल्युमिनियम रिव्हेट मागा आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून बसवा. आंबट वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल धातूला चांगलं नाही आणि त्यावर पुढं रंगही धरत नाही.

चीर किंवा भोक : इथं आरगॉन वेल्डिंगच पाहिजे. लोखंडी गेटची वेल्डिंग करणारा साधा रॉड इथं उपयोगाचा नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळं सवय नसलेल्याच्या हातून पातळ पत्रा एकदम खाली गळून पडतो. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखानदारीमुळं आपल्या भागात आरगॉनवाले कारागीर मिळतात, ही आपली सोय आहे. ५०५२ किंवा ५०८३ नंबरचा पत्रा पाण्याच्या कामाला चांगला असतो. वेल्डिंगच्या आधी फोम, पेट्रोलची टाकी, नळी सगळं बाहेर काढा. फोम पेटला तर विषारी धूर होतो.

एम-सील हे काठापर्यंत येण्यासाठी ठीक. त्याला दुरुस्ती म्हणू नका.

वजनाचा हिशेब

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. सपाट तळाच्या होडीसाठी सोपं गणित असं : लांबी मीटरमध्ये गुणिले तळाची रुंदी मीटरमध्ये गुणिले ८. जे उत्तर येईल तेवढे किलो टाकले की होडी एक सेंटीमीटर खाली जाते. पुढचं टोक निमुळतं असतं, म्हणून १० ऐवजी ८ धरले आहेत.

चौदा फूट लांब, चार फूट रुंद होडी म्हणजे ४.२५ गुणिले १.२ गुणिले ८, साधारण ४० किलो. होडी १०० किलो, इंजिन आणि इंधन ४० किलो, तीन माणसं २१० किलो, ओली जाळी आणि मासे ९० किलो, एकूण ४४० किलो. होडी ११ सेंटीमीटर बुडेल. कडेची उंची ५० सेंटीमीटर असेल तर ३९ सेंटीमीटर बाहेर राहते. हे चांगलं.

आता फसगत बघा. याच गणितानं, जाळी बाजूला ठेवली तर, दहा माणसं बसवली तरी होडी २१ सेंटीमीटरच बुडते. कागदावर ठीक दिसतं. पण तीन माणसांच्या होडीत एकजण सरकला तर कड चार-पाच सेंटीमीटर खाली जाते. दहा जणांच्या होडीत दोघं एकदम एका बाजूला झाले की कड पाण्याला टेकायला येते. त्यात लाट आली की पाणी आत. उभं राहिलेला माणूस आणखी धोक्याचा, कारण वजन वर जातं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हाही बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

म्हणून आपल्या मनासारखे बदल करताना तीन नियम पाळा.

एक, मधली आडवी बाकं कापू नका. जागा मोकळी होते म्हणून लोक कापतात. पण तीच बाकं दोन्ही बाजूंना धरून ठेवतात आणि त्यांच्याखालीच फोम असतो.

दोन, वर चढवलेला प्लायवूडचा मजला टाळा. आठ बाय चारची १२ मिलीमीटरची एक शीट २०-२५ किलोची असते, भिजली की आणखी जड. शिवाय उंचावर बसावं लागतं. फळी लागलीच तर तळालगत, सुटी काढता येईल अशी ठेवा. हिरवट औषध मारलेलं लाकूड वापरू नका, त्या औषधात तांबं असतं.

तीन, माशांचा बॉक्स, बॅटरी, इंधन सगळं खाली आणि मध्यावर. बॅटरीची निगेटिव्ह वायर होडीच्या पत्र्याला जोडू नका.

भरली तरी बुडू नये म्हणून

शंभर किलोची ॲल्युमिनियमची होडी पाण्याखाली साधारण ६३ किलो भरते, इंजिन वेगळं. बुडालेल्या होडीला दोन-तीन माणसं धरून राहायची असतील तर १५० ते १६० लिटरची हवाबंद जागा पाहिजे. चांगला पर्याय म्हणजे पाणी न शोषणारा फोम. गावठी पण चालणारा पर्याय म्हणजे २० लिटरचे आठ घट्ट झाकणाचे प्लॅस्टिक कॅन, पट्ट्यांनी आवळून बांधलेले. नुसते ठेवले तर ते निघून जातात. थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

फोम किंवा कॅन तळात टाकू नका. दोन्ही बाजूंना, कडेच्या जवळ, वरच्या अंगाला बांधा. तळात असले तर पाणी भरलेली होडी उलटी होते.

मग परीक्षा घ्या. कंबरेएवढ्या संथ पाण्यात, दोर काठावर बांधून, पोहणारी दोन माणसं सोबत घेऊन होडी मुद्दाम पाण्यानं भरा. कड पाण्यावर राहिली आणि होडी सरळ राहिली तर काम झालं. त्यानंतर पाणी काढून वाळूची मोजलेली पोती टाकत जा. २५-३० सेंटीमीटर कड बाहेर असताना थांबा, तिथं बाहेरून लाल पट्टा मारा. हा पट्टा फक्त वजनाचा आहे. किती माणसं बसवायची हे वेगळं ठरवा, चौदा फुटी होडीला चार पुरे. तो आकडाही आत ठळक लिहा.

रंग आणि शेवटचं काम

बाहेरून रंग नाही दिला तरी ॲल्युमिनियम टिकतं. द्यायचाच असेल तर पत्रा घासून, धुऊन, वाळवून आधी एच प्रायमर, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. गेटचं रेड ऑक्साईड यावर धरत नाही. तांबं असलेला बोटीचा रंग चुकूनही नको. आतून भगवा किंवा पिवळा रंग द्या, लांबून दिसतो.

होडीत कायम असावं : माणशी एक लाईफ जॅकेट, अंगावर बांधलेलं. ट्यूब सोबत असू द्या, पण ती जॅकेटची जागा घेत नाही. दोन वल्ही, उपसायला डबा, वीस-पंचवीस मीटर दोर, शिट्टी.

परवानगी आणि हवामान

धरण, तलावात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारूनच जाळं टाका. तिथंच प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचीही चौकशी करा. २०२० च्या या योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदानाचं प्रमाण आहे. कधी कधी जुन्यावर खर्च करण्यापेक्षा नवी परवडते.

इंजिन लावून भाड्यानं माणसं नेणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणं नोंदणी आणि तपासणी लागते. मासेमारीची होडी प्रवासी होडी नाही. पाहुणे आले, पोरांना हौस आली म्हणून जादा माणसं घेऊ नका.

एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं उठतं. उजनीचं पाणी रुंद आहे, तिथं लाटा लवकर वाढतात. ढग काळे झाले की जाळं सोडून काठ गाठा. विजेचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोफत आहे. पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की होडी पाण्याबाहेर काढून उंचावर बांधा. पुरात कुणी अडकलं तर ११२ ला फोन करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. चौदा फुटी होडी पुराच्या धारेत घालायची नसते.

पाण्यात सोडण्याआधी एकदा बघून घ्या

चुंबक कुठं चिकटतं का. रात्रभर पाणी ठेवून थेंब येतो का. बाकं जागेवर आहेत का. कॅन घट्ट बांधलेत का. लाल पट्टा आणि माणसांचा आकडा लिहिला का. जॅकेट मोजून आहेत का. सगळ्याचं उत्तर बरोबर आलं तरच दोर सोडा.