पुढच्या ब्रेकची कुळकथा

सायकलच्या दोन ब्रेकांपैकी मागचा ब्रेक थोरला. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये मानहाइम येथे चालवून दाखवलेल्या, पायांनी जमीन रेटत पुढे न्यायच्या लाकडी दुचाकीला दोरीने ओढायचा ब्रेक मागच्या चाकावरच होता आणि १८६० च्या दशकातील मिशो यांच्या पॅरिसमधील पॅडलच्या सायकलींतही हँडल पिळून दोरी गुंडाळली की मागच्याच चाकावर पट्टी दाबली जाई.

ब्रेक पुढे आला तो १८७० नंतरच्या उंच सायकलींवर. माणसाच्या छातीइतक्या उंच पुढच्या चाकावर चमच्यासारखी वाकवलेली लोखंडी पट्टी दाबली जाई. पण स्वाराची बैठक जवळजवळ त्या चाकाच्या आसावरच असल्यामुळे पट्टी जोरात दाबताच मागचे चिमुकले चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून डोक्यावर आपटे. उतारावर काही स्वार दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत, ते पडायचेच झाले तर निदान पायांवर पडावे म्हणून. दोष बैठकीचा होता, बदनाम मात्र ब्रेक झाला.

जॉन केंप स्टार्ली यांच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ने हा दोष बराचसा घालवला. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, या रचनेत स्वार खाली आणि मागे सरकला. तरीही वेग कमी होताना भार पुढच्या चाकाकडे सरकतो, ज्याला भारांतरण म्हणतात, ते कोणत्याही सायकलीत टळत नाही. आणि टायरची रस्त्यावरील पकड त्यावरच्या भारावर अवलंबून असल्याने ब्रेक दाबताच पुढच्या चाकाची पकड वाढते, तर हलके झालेले मागचे चाक जाम होऊन घसटत जाते. कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल केवळ मागच्या ब्रेकने थांबायला साधारण सहा मीटर लागतात. पुढचा ब्रेक बेताने, पण पुरेसा दाबला तर त्याच्या निम्मे. त्याहून जोरात दाबला, तर मात्र आजही मागचे चाक उचलले जाते.

डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ मध्ये आला. त्यावर पट्टी घासणे म्हणजे टायरच झिजवणे, म्हणून ब्रेकने हळूहळू रिम धरली. आपल्याकडच्या काळ्या सायकलींवर हँडलखालच्या सळ्या नालाच्या आकाराचा कंस वर ओढतात आणि त्याच्या टोकांची रबरे रिमच्या आतल्या बाजूला टेकतात. पावसात स्टीलची रिम ओली झाली की ही रबरे बराच वेळ नुसतीच सरकतात, मग पकडतात. तेव्हा पुढचा-मागचा हा वाद काही काळ निरर्थकच ठरतो.

ब्रिटिश प्रथेनुसार भारतातही उजव्या हाताच्या दांडीला पुढचा ब्रेक जोडतात. अमेरिकेत उजवा हात मागचा ब्रेक लावतो.