प्राचीन नाण्यांची परीक्षा आणि मुद्रालेखाची साक्ष

ग्रीक अथवा रोमन नाणे अस्सल आहे किंवा नाही हे ठरविताना नाणकशास्त्रज्ञ प्रथम वजन, धातू, ठसा आणि झीज पाहतात. मुद्रालेखाचा उपयोग मुख्यतः नाणे कोणाचे हे ओळखण्यासाठी होतो. परंतु लेख शुद्ध असेल तर नाणे खरे आणि अशुद्ध असेल तर खोटे, अशी एक समजूतही नकळत बाळगली जाते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रीक नाण्यांवरील नाव बहुधा षष्ठी विभक्तीत असते. ‘अलेक्सांद्रू’ म्हणजे अलेक्झांडरचे, ‘सुराकोसिओन’ म्हणजे सिराक्यूजच्या नागरिकांचे. ‘नाणे’ हा शब्द अध्याहृत असतो. हीच रचना इंडो-ग्रीक राजांबरोबर भारतात आली. मिनँडरच्या नाण्यांवरील ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ हा प्राकृत लेख आणि नहपानाच्या नाण्यांवरील ‘राञो क्षहरातस नहपानस’ हा लेख, दोन्ही षष्ठ्यन्तच आहेत. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांच्यावर ग्रीक लिपीतही लेख आहे, पण त्याची भाषा ग्रीक नसून प्राकृत आहे आणि अक्षरे अनेक ठिकाणी बिघडलेली आहेत. केवळ ग्रीकचे ज्ञान घेऊन बसलेला परीक्षक ही नाणी बनावट ठरवील. वस्तुतः तो बिघाड हाच त्या काळाचा आणि त्या समाजाचा पुरावा होय.

जुने लेखनही असेच फसवे असते. अथेन्सने इ. स. पू. ४०३ च्या सुमारास आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली. तथापि घुबडाच्या नाण्यांवरील ‘अथे’ हा लेख पुढेही जुन्याच वर्णांनी लिहिला जात राहिला. बाजारात प्रतिष्ठा पावलेले नाणे सहसा आपले रूप बदलत नाही. म्हणून केवळ जुन्या वर्णरूपावरून नाण्याचा काळ मागे नेता येत नाही.

याउलट शुद्ध लेखही निर्णायक नसतो. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन नाणेबनाव्याने ग्रीक व रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरले. त्याची अक्षरे निर्दोष असत. काही वेळा तो झिजलेल्या अस्सल प्राचीन नाण्यांवरच नवा ठसा मारी. त्यामुळे धातूची परीक्षाही विफल होई. ताज्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून ती लोखंडाच्या किसासह पेटीत घालून तो गाडीला बांधी, असे सांगतात. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले आणि त्यांच्याशी ताडून त्याची कारागिरी ओळखता येऊ लागली.

या प्रश्नाचे सर्वांत कठीण उदाहरण ट्रान्सिल्व्हेनियातील आहे. तेथे १७१३ साली सापडल्याचे नोंदलेल्या सोन्याच्या नाण्यांच्या एका गटात ‘स्पॉन्सियान’ या अन्यत्र अज्ञात सम्राटाचे नाव आढळते. ही नाणी ठशाने पाडलेली नसून ओतीव आहेत. दर्शनी बाजूवर ‘इंप. स्पॉन्सियानी’ असा षष्ठ्यन्त लेख आहे. रोमन सम्राटाचे नाव सामान्यतः प्रथमेत येते, हे लक्षात घेता तो विलक्षण वाटतो. मागील बाजूवर इ. स. पू. १३५ मधील मिनुसियस ऑगुरिनस याच्या दिनारची नक्कल आहे. १८६८ साली हेन्री कोहेन याने ही नाणी आधुनिक बनावट ठरविली आणि दीर्घकाळ तेच मत रूढ राहिले.

२०२२ साली पॉल पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो येथील हंटेरियन संग्रहालयातील नाण्यांची सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली. चलनात वावरलेल्या नाण्यांवर असतात तशा ओरखड्यांच्या खुणा आणि सिलिकाने सांधलेले मातीचे थर त्यांना आढळले. यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, साम्राज्यापासून तुटलेल्या डेशिया प्रांतात इ. स. २६० नंतरच्या काळात एखाद्या सेनापतीने ही नाणी काढविली असावीत. अनेक नाणकतज्ज्ञांना मात्र हे मान्य नाही.

भाषेची साक्ष येथे दोन्ही पक्षांना मिळते. लॅटिन चांगले जाणणारा अठराव्या शतकातील बनावटकार प्रथमा वापरता. उलट, अर्धवट जाणणारा षष्ठीत घसरता, आणि सीमेवरचा सैनिकी कारागीरही तसाच घसरू शकला असता. नावाविषयीही तेच. ‘स्पॉन्सियानुस’ हे नाव रोममधील एका थडग्याच्या लेखात आढळते आणि तो लेख १७२० नंतरच्या दशकात, म्हणजे नाण्यांच्या नंतर, उजेडात आला. ही बाब नाण्यांच्या बाजूची आहे. परंतु ‘-इयानुस’ हा लॅटिनमधील अत्यंत प्रचलित प्रत्यय असल्यामुळे असे नाव कल्पनेने घडविणेही कठीण नव्हते.

तात्पर्य, लेखातील अशुद्धी हा दोष नसून प्रश्न आहे. ती अशुद्धी कोणत्या समाजात, कोणत्या हातून आणि कशामुळे उद्भवू शकते, याचे उत्तर देणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. ते उत्तर ठसा, धातू व झीज यांच्या पुराव्याशी जुळले तरच त्यास निर्णयाचे मोल येते. एका सम्राटाचे अस्तित्व जेव्हा एका विभक्तिप्रत्ययावर आणि काही ओरखड्यांवर अवलंबून असते, तेव्हा यांपैकी एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा देणे शास्त्रास धरून होणार नाही.