धनादेशामागची सही

अपंग मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, आणि ते मूल धर्मसंस्थेने चालवलेल्या शाळेत गेले तर तो खर्च सरकारी तिजोरीतून करावा काय, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली पन्नास वर्षे न्यायालयांत आणि विधिमंडळांत लढवला गेला आहे. वरकरणी हा नियमांचा, अर्जांचा व हप्त्यांचा कोरडा विषय वाटतो. परंतु या नियमांच्या इतिहासात एका अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाचे जुने शल्य आहे, एका कर्णबधिर विद्यार्थ्याची शाळा आहे, आणि आईवडिलांनी एका सहीनिशी सोडून दिलेले काही हक्कही आहेत. म्हणून हा इतिहास क्रमाने पाहणे अगत्याचे आहे.

जुने वैर

एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी आदी देशांतून लाखो कॅथलिक कुटुंबे अमेरिकेत येऊन स्थायिक झाली. तेथील सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या होत्या. प्रत्यक्षात त्यांचे वळण प्रॉटेस्टंट होते आणि वर्गात बायबलवाचन होई तेही किंग जेम्स भाषांतरातून. आपल्या मुलांना आपले बायबल वाचू द्यावे, एवढीच कॅथलिकांची मागणी होती. या वादाने तापलेल्या फिलाडेल्फिया शहरात १८४४ साली दंगली झाल्या व चर्चेस जाळण्यात आली. कॅथलिकांनी आपल्या शाळा आपणच काढाव्यात, हा विचार मग बळावत गेला. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय धर्मसभेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा असलीच पाहिजे, असा आदेश दिला.

या शाळांना सार्वजनिक पैसा मिळू नये म्हणून जेम्स ब्लेन या नेत्याने १८७५ साली राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. ती सिनेटमध्ये आवश्यक बहुमताअभावी फेटाळली गेली. तथापि त्याच आशयाची कलमे अनेक राज्यांनी आपापल्या घटनांत घातली. धर्मसंस्थेच्या शाळेला राज्याने पैसा देऊ नये, असे ही कलमे सांगत. त्यांच्या मागे शासन व धर्म यांच्या विभक्ततेचे तत्त्व होते, तसाच कॅथलिकांविषयीचा आकसही होता. पुढे शंभर वर्षांनी याच कलमांची झळ अपंग मुलांना लागणार होती.

दाराबाहेरची मुले

त्या काळी अपंग मुलांचा विचार सार्वजनिक शाळांतही होत नसे. काही धर्मभगिनींनी विस्कॉन्सिनमधील सेंट कोलेटासारखी निवासी विद्यालये विसाव्या शतकाच्या आरंभीच काढली होती, परंतु अशी उदाहरणे विरळ. पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा तर असा होता की, ज्या मुलाचे बौद्धिक वय पाच वर्षांचे झालेले नाही त्याला शाळा प्रवेश नाकारू शके. याविरुद्ध पालकांच्या संघटनेने दावा लावला आणि १९७१ साली राज्याला माघार घ्यावी लागली. दुसऱ्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने मिल्स खटल्यात बजावले की, पैसा अपुरा असेल तर त्याची तूट एकट्या अपंग मुलांच्या माथी मारता येणार नाही.

या दोन निकालांच्या पायावर १९७५ सालचा केंद्रीय कायदा उभा राहिला. २९ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली. देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुले शाळेबाहेरच आहेत, असे त्या कायद्यातच नमूद होते. १९९० साली या कायद्याचे नाव बदलले, गाभा तोच राहिला. प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण. त्याच्यापुरता स्वतंत्र लेखी शिक्षण आराखडा. शक्य तितके इतर मुलांच्या सोबतीने शिकणे. आणि शाळेचा निर्णय मान्य नसल्यास पालकांना दाद मागण्याचा अधिकार. दानाची जागा हक्काने घेतली.

दोन दरवाजे

मग हे मूल खाजगी शाळेत गेले तर? कायद्याने येथे दोन दरवाजे ठेवले. पहिला असा की, योग्य शिक्षण देणे सार्वजनिक शाळेला जमत नसेल तर तिने स्वतःच त्या मुलाला खाजगी शाळेत पाठवावे. तेव्हा सारा खर्च सरकारचा आणि मुलाचे सर्व हक्क अबाधित. सार्वजनिक शाळा कर्तव्यात कमी पडली म्हणून पालकांनी स्वखर्चाने मुलाला हलवले आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरले, तर शुल्काची भरपाई मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली बर्लिंग्टन खटल्यात दिला. ती खाजगी शाळा राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत नसली तरीही भरपाई अडत नाही, हे १९९३ च्या कार्टर खटल्यात स्पष्ट झाले.

दुसरा दरवाजा पालकांच्या स्वेच्छेचा. सार्वजनिक शाळेत सोय असूनही श्रद्धेपोटी वा अन्य कारणाने मुलाला खाजगी शाळेत घातले, तर तो हक्क मुलाबरोबर तेथे जातो काय? हा प्रश्न ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात उभा राहिला.

जेम्स झोब्रेस्ट हा जन्मतः कर्णबधिर मुलगा. पाचवीपर्यंत तो कर्णबधिरांच्या शाळेत शिकला, सहावी ते आठवी सार्वजनिक शाळेत. तेथे शाळा-मंडळाने त्याला सांकेतिक भाषेचा दुभाषी दिला होता. नववीसाठी आईवडिलांनी त्याला साल्पॉइंट या कॅथलिक माध्यमिक शाळेत घातले आणि तोच दुभाषी तेथेही मिळावा अशी मागणी केली. मंडळाने नकार दिला. सरकारी पगारावरचा माणूस धर्मशिक्षणाच्या तासाला आणि मिस्साच्या वेळी बसून धर्माची वचने हातांनी सांगणार, हे घटनेला मान्य नाही, असे कारण देण्यात आले. आईवडिलांनी दुभाष्याचा खर्च स्वतः केला व न्यायालयात गेले. अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगा शाळा संपवून बाहेरही पडला होता.

१८ जून १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचा युक्तिवाद साधा होता. मदत मुलाला आहे, शाळेला नाही. ती कोठे वापरायची हे पालक ठरवतात. आणि दुभाषी वर्गातील वातावरणात स्वतःचे काही मिसळत नाही की त्यातून काही वजा करत नाही, जे बोलले जाते ते तो पोहोचवतो. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना नेमके हेच खटकले. जेथे शिक्षण आणि धर्म एकजीव आहेत तेथे सरकारी नोकर धर्मसंदेशाचे वाहन बनतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मतात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण त्यांचा निष्कर्ष मान्य झाला असता तर ऐकू येणाऱ्या मुलाला जी शाळा खुली होती ती न ऐकू येणाऱ्याला बंद राहिली असती.

सात वर्षे आधी, १९८६ साली, याच धर्तीचा निर्णय एका अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत झाला होता. लॅरी विटर्स यांना पाळक होण्यासाठी बायबल महाविद्यालयात शिकायचे होते आणि अंधांसाठीच्या पुनर्वसन योजनेतून त्यांनी मदत मागितली. केंद्रीय घटनेची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. पण खटला राज्याकडे परतल्यावर १९८९ साली वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने राज्यघटनेतील कडक कलमावर बोट ठेवून मदत नाकारली. एकोणिसाव्या शतकाचे कलम विसाव्या शतकातील अंध माणसाच्या वाटेत असे उभे राहिले.

झोब्रेस्ट निकालाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. न्यायालयाने एवढेच सांगितले की, अशी मदत देण्यास घटनेची मनाई नाही. दिलीच पाहिजे, असे कोठेही म्हटले नाही. १९९७ साली संसदेने कायदा सुधारताना नेमकी हीच फट बुजवली. पालकांनी स्वेच्छेने खाजगी शाळेत घातलेल्या मुलांसाठी केंद्रीय निधीचा प्रमाणशीर वाटा राखून ठेवावा, पण एकेका मुलाला अमुक सेवा मिळण्याचा वैयक्तिक हक्क असणार नाही, असे ठरले. दार उघडे राहिले, परंतु उंबऱ्याशी हक्क काढून ठेवावा लागला.

तिसरा दरवाजा

१९९९ साली फ्लोरिडाने तिसरा दरवाजा उघडला. सिनेट सदस्य जॉन मॅके यांची कन्या विशेष गरजा असलेली होती. त्यांच्या पुढाकाराने ही शिष्यवृत्ती सुरू झाली व पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. आरंभी ती केवळ प्रायोगिक होती. पुढे तिचा लाभ घेणारी मुले तीस हजारांच्या घरात गेली.

तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. मुलाच्या नावे शिक्षण आराखडा असावा आणि आदल्या वर्षी ते सार्वजनिक शाळेत असावे. सार्वजनिक शाळेत त्याच्यावर जो खर्च झाला असता तो, किंवा खाजगी शाळेचे शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी ती द्यावी. शुल्क जास्त असल्यास फरक पालकांनी भरावा. रक्कम वर्षातून चार हप्त्यांत येई. धनादेश पालकांच्या नावे निघे, परंतु तो पाठवला जाई शाळेच्या पत्त्यावर, आणि पालकांनी तेथे जाऊन त्यामागे सही करून तो शाळेच्या स्वाधीन करावा लागे.

ही सही केवळ हिशेबाची बाब नव्हती. पैसा सरकारकडून शाळेला न जाता पालकांच्या हातून जातो, हे तिने सिद्ध होई. आणि पालकांच्या स्वतंत्र निवडीने धर्मशाळेत गेलेला पैसा घटनाबाह्य नाही, हेच तत्त्व २००२ साली क्लीव्हलँडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण त्या प्रवेशाबरोबर दुसरेही काही घडे. मूल आता ‘पालकांनी स्वेच्छेने घातलेले’ ठरे. मोफत व योग्य शिक्षणाचा हक्क, बंधनकारक आराखडा, दाद मागण्याची वाट, हे सारे मागे राही. खाजगी शाळेने विशेष शिक्षक नेमलाच पाहिजे असे बंधन नव्हते. प्रत्येक मुलाला प्रवेश दिलाच पाहिजे असेही नव्हते. वंश, वर्ण आणि राष्ट्रीयत्व यांवरून भेद करू नये, अशी अट मात्र होती. अपंगांसाठीच्या शिष्यवृत्तीत अपंगत्वावरून भेद न करण्याची अट त्या यादीत नसावी, हे वाचून मन थबकते.

इतर राज्यांनी आपापले मार्ग काढले. ओहायोने २००३ साली स्वमग्न मुलांसाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. तेथे मूल खाजगी संस्थेत गेले तरी त्याचा शिक्षण आराखडा तयार करण्याची जबाबदारी सार्वजनिक शाळा-मंडळाकडेच राहिली. यूटाने २००५ साली, जॉर्जियाने २००७ साली आणि ओक्लाहोमाने २०१० साली फ्लोरिडाची वाट धरली. ॲरिझोनाची अपंगांसाठीची शिष्यवृत्ती मात्र २००९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाच्या आधारे रद्द केली. तेव्हा २०११ साली विधिमंडळाने शिष्यवृत्तीऐवजी पालकांच्या नावे खातेच उघडून दिले. त्यातून शुल्क, शिकवणी, उपचार असे अनेक खर्च करता येत, आणि न्यायालयाने २०१३ साली ते ग्राह्य धरले. हे खाते घेताना शाळा-मंडळाला मुलाच्या शिक्षणाच्या जबाबदारीतून मुक्त करतो, असे पालकांना करारात लिहून द्यावे लागते. २०२२ साली ही योजना राज्यातील सर्व मुलांना खुली झाली. त्याच वर्षी मॅके शिष्यवृत्तीही फ्लोरिडातील एका व्यापक योजनेत विलीन झाली. दरम्यान २०२० व २०२२ च्या निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, राज्याने खाजगी शाळांना साहाय्य देऊ केले तर केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही. ब्लेन यांच्या वारशाचे बळ असे ओसरले.

आपल्यासाठी

पालकांना हे सारे ठाऊक होते काय? केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली याचा शोध घेतला. खास अपंग मुलांसाठीच्या योजनांतील ८३ टक्के मुले अशा योजनांत होती, ज्यांनी हक्क बदलतात याची माहिती एक तर दिलीच नव्हती किंवा दिली त्यात चुका होत्या. पालकांची निवड स्वतंत्र आहे, या गृहीतकावर सारी इमारत उभी. आणि जे निवडायचे त्याचे मोलच त्यांना सांगितलेले नाही! याला स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

यावरून शिष्यवृत्तीच वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ज्या घरात रोज रडत शाळेला जाणारे मूल होते, त्या घराला लहान वर्ग आणि मायेचा शिक्षक मिळाला, हा लाभ खराच आहे. सार्वजनिक शाळांतील हक्कही पुष्कळदा कागदावरच राहतात, आणि ते मिळवण्यासाठी वकील करण्याची ऐपत सर्वांची नसते. पण धर्मसंस्थेच्या शाळांपुढे येथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. दीडशे वर्षे त्यांनी न्याय मागितला: आमच्या दारावर क्रूस आहे म्हणून आमच्या मुलांना वगळू नका. ते मागणे रास्त होते आणि अखेर मान्य झाले. आता दारावरचा क्रूस आड येत नाही. आड येऊ शकते ती दारातली पायरी, अपुरा शिक्षकवर्ग, आणि ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे सौम्य उत्तर.

अमेरिकेच्या महागुरूंनी १९७८ साली अपंग बांधवांविषयी प्रसृत केलेल्या निवेदनात त्यांना ख्रिस्तसभेच्या जीवनात पूर्ण सहभाग मिळावा, असे आवाहन केले होते. कायदा ज्या ठिकाणी शाळेला मोकळे सोडतो, तेथेच या आवाहनाची खरी कसोटी लागते. कायद्याने बांधलेली शाळा मुलाला घेते ते कर्तव्य म्हणून. कायद्याने न बांधलेली शाळा घेते तेव्हा तिची श्रद्धा दिसते, आणि नाकारते तेव्हाही दिसते. आपल्या धर्मग्रामांत शाळा चालवणाऱ्यांनी व त्या शाळांत आपली मुले घालणाऱ्यांनी हा दूरदेशीचा इतिहास म्हणूनच वाचावा. धनादेशामागे सही पालकांची असते. परंतु त्या सहीनंतर मुलाच्या वाट्याला काय येणार, हे शाळेच्या दारात उभा असलेला माणूस ठरवतो.